पैऱ्याची भिंत

आमच्या घराण्यात भित्रा म्हणून मी एकटाच. वडील फौजेत, दोन चुलते फौजेत, मेहुणाही फौजेतून हवालदार होऊन आलेला. मी मात्र भरतीच्या मैदानावर धाप लागून मध्येच बसलो आणि साताऱ्याला सरकारी कचेरीत चिकटलो. मी कशाला अडखळलो की घरातलं कुणीतरी म्हणणारच, "भित्यापाठी ब्रह्मराक्षस."

लेकीचं लग्न ठरलं आणि साताऱ्यातलं आमचं घर एकदम लहान वाटायला लागलं. बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत काढू, माणसं तरी बसतील, असं बायको म्हणाली. मी गवंडी शोधतोय हे माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला कळलं आणि विट्याकडच्या त्यांच्या गावाहून दाजींचा, म्हणजे आक्काच्या नवऱ्याचा फोन आला.

"गवंडी कशाला, पाव्हणं? आमी हाय की. तुमचा पैरा फेडायचा राह्यलाय."

पैरा म्हणजे आज मी तुझ्या रानात राबायचं, उद्या तू माझ्या. मजुरी नाही, फक्त जेवण. दाजींचा गोठा बांधताना मी चार दिवस रजा काढून विटा उचलून दिल्या होत्या, ते त्यांनी मनात ठेवलं होतं. पैऱ्याला येणाऱ्या माणसाला नको म्हणणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावणं, आणि हे तर घरचे जावई. मी बरं म्हणालो. फोन ठेवला आणि आधी वर छताकडे बघितलं.

कारण आमच्या घराला खांब नाहीत. सगळं घर भिंतींवर उभं आहे, आणि नेमक्या त्या भिंतीवर आम्ही मागाहून वरची खोली चढवलेली.

कचेरीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ विम्याची कामं करतात, त्यांच्याकडे गेलो. घराचा विमा होता माझा. त्यांनी चष्मा पुसत विचारलं, "भिंत पाडायला इंजिनिअरचं पत्र घेतलंय?"

"नाही."

"मग घर बसलं तर कंपनी पहिला प्रश्न हाच विचारणार. आणि कुणाच्या अंगावर पडलं तर घराच्या विम्यात ते येत नाही. काम करणाऱ्यांचा वेगळा काढावा लागतो. पण माणसं मजुरीवर पाहिजेत. नाव घालायचं, पुढे मजूर लिहायचं, रोज हजेरी लावायची."

"ते माझे दाजी आहेत हो."

"फॉर्मला दाजी कळत नाहीत," ते म्हणाले आणि कोरा फॉर्म माझ्या हातात दिला.

दाजी भावकीतल्या दोघांना घेऊन आले. आक्काही आली. जेवायला मटण होतं. फॉर्म माझ्या सदऱ्याच्या खिशात होता. पहिली भाकरी संपेपर्यंत मी धीर गोळा केला आणि म्हणालो, "दाजी, काम सुरू करायच्या आधी एक विमा काढावा म्हणतो, तुमच्या तिघांचा. आणि एखादा इंजिनिअर येऊन बघून गेला तर..."

"आमच्या मरणाचा इमा?" दाजी खदखदून हसले. "आवं, पलटणीत पूल बांधलेत आमी, नदीला पूर आसताना. तुमी भिताडाला भिता व्हय?"

सगळे हसले. आक्काही हसली. मजूर हा शब्द माझ्या ओठांपर्यंत आला होता, तो मी रश्शाबरोबर गिळला. जावयाला मजूर म्हटलं तर आक्काचं माहेर तुटलं असतं. मजूर नाही म्हटलं तर तिचं कुंकू त्या भिंतीखाली उभं राहणार होतं. मी भाकरी वाढून घेतली. आजही त्याची मला लाज वाटते.

सकाळी भिंतीला नारळ फोडला. दाजींनी छताला दोन लाकडी टेकू दिले. मी माझं स्कूटरचं हेल्मेट त्यांच्यापुढे धरलं, तर त्यांनी ते खिडकीच्या गजाला अडकवलं आणि म्हणाले, "गाडी कुठं हाय?" मग घण पडायला लागला. प्रत्येक ठोक्याला मी टेकूंकडे बघायचो, मग दाजींच्या टकलाकडे, मग परत टेकूंकडे.

अर्धी भिंत गेल्यावर दाजी एकाएकी थांबले. वर बघितलं, कपाळ पुसलं. मग म्हणाले, "जावा समदी भाईर, चा पिऊन या. मी एवढं उरकतो."

आम्ही अंगणात आलो. आक्काने चहा ओतला. आत घण चालूच होता, पण आता थांबून थांबून. इतक्यात वरून बायकोची हाक आली, "अहो, या खोलीचं दार लागत नाहीये. सकाळी तर लागत होतं!"

हे दार इतकी वर्षं बोटाने ढकललं तरी लागायचं. चौकट दबली होती. म्हणजे वरची खोली खाली बसायला लागली होती.

"आधी खाली ये, बाहेर ये!" मी ओरडलो आणि आत पळालो.

दाजी एकटे होते. डोक्यावर माझं हेल्मेट. मला वाटलं, माझी चेष्टा करतायत. मी म्हणालो, "दाजी, बास." त्यांनी घण उचलला. मग मला काय झालं कुणास ठाऊक, मी उरलेल्या भिंतीला पाठ लावून खाली बसलो. "मारा आता," मी म्हणालो.

"उठा, पाव्हणं!"

"तुम्ही बाहेर गेलात तर उठतो."

दाजींनी घण टाकला, हेल्मेट माझ्या मांडीवर फेकलं आणि कुणाशी न बोलता बाहेर गेले. तासाभरात चौघं एस.टी. स्टँडवर होती. आक्का जाताना माझ्याकडे न बघता म्हणाली, "समद्यांम्होरं इज्जत घालीवलीस रं त्येंची."

दुसऱ्या दिवशी इंजिनिअर आला. छताकडे बघून तो आधी दारात सरकला, मग बोलला. लोखंडी टेकू आले, मजुरीवरची माणसं आली, त्यांची नावं फॉर्मवर गेली. भिंतीच्या जागी तुळई बसली.

लग्नाला दाजी आले, पण माझ्याशी बोलले नाहीत. पाठवणी झाल्यावर आक्का माझ्या शेजारी येऊन बसली.

"त्यास्नी दिसली हुती छताची चीर," ती म्हणाली. "तुज्या आदी. म्हणून तर समद्यास्नी चा प्यायला भाईर काढलं."

"मग ते का नाही आले बाहेर?"

"कसं येणार? आदल्या रातीच तुला हसून बसलेलं. भावकी बघत हुती." तिने पदर तोंडाला लावला. "मला म्हणलं, कुणीतरी यिऊन घण हिसकून घ्यावा आसं वाटत हुतं."

मला खिडकीचा रिकामा गज आठवला, आणि दाजींच्या डोक्यावरचं हेल्मेट.

मी आक्काला एक गोष्ट सांगितली नाही, अजूनही सांगितलेली नाही. बायकोची हाक आली तेव्हा माझ्या कपात अर्धा चहा होता, आणि तो संपवून मगच उठावं असं माझ्या मनात आलं होतं.