आत्याबाई, मी आणि बावड्याची शर्यत

रुकडी मागे पडली आणि गाडी पंचगंगेच्या पुलावर आली, तेव्हा आत्याबाईंनी खिडकीच्या गजांतून नदीला हात जोडले. थंडीचे दिवस होते. पाण्यावर धुक्याचा पातळ थर होता आणि दोन्ही काठांना नजर जाईल तिथवर ऊस उभा होता. माझं मात्र सगळं लक्ष माझ्या उजव्या घोट्याकडे होतं. रात्रभर पाय दुमडून बसल्यामुळे तो ठणकत होता, की तो ठणकावा अशी माझीच आतून इच्छा होती, हे मला ठरवता येत नव्हतं.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे संगमनेरला सासूला तसंच म्हणतात. त्या निघाल्या होत्या अंबाबाईच्या दर्शनाला आणि मी निघाले होते शर्यतीला. मुलींच्या शाळेत मी खेळ शिकवत असे. प्रशिक्षणाच्या वर्षी माझ्या खोलीत जुबेदा नावाची कोल्हापूरची मुलगी होती. आम्ही दोघी पहाटे मैदानाला फेऱ्या मारायचो, ती पुढे आणि मी मागे. लग्नानंतर ती कोल्हापुरातच, कसबा बावड्याच्या एका शाळेत लागली. तिथल्या एका तालमीची मंडळी दरवर्षी पुरुषांची दहा किलोमीटरची शर्यत भरवत. यंदा बायकांचीही भरवा म्हणून जुबेदा त्यांच्या मागे लागली आणि त्यांनी होकार दिला. उन्हाळ्यात तिचं पत्र आलं आणि मी त्याच दिवशी ‘येते’ म्हणून कळवून टाकलं.

पुढे पावसाळ्यात मला कावीळ झाली. सव्वा महिना अंथरुणात गेला. उठून जरा धावायला लागले, तर दिवाळीनंतर मुलींना उंच उडी दाखवताना वाळूच्या खड्ड्याच्या काठावर पाय पडला आणि घोटा मुरगळला. डॉक्टरांनी धावायला हरकत नाही म्हणेपर्यंत शर्यत तीन आठवड्यांवर आली होती. त्या तीन आठवड्यांत मी जास्तीत जास्त पाच किलोमीटर धावले, तेही एकदाच, आणि घरी येऊन ओट्यावर आडवी झाले. मी जुबेदाला सगळं खरं लिहिलं. तिचं उत्तर आलं, ‘ये तर खरं. पळायचं का न्हाय ते इथं ठरवू.’

जयसिंगपूरला डब्यात चढलेल्या एका बाईंनी आत्याबाईंच्या हातावर मूठभर भडंग (तिखट, लसणीचे कुरमुरे) ठेवलं होतं. त्याच्या ठसक्याने आत्याबाईंचे डोळे कोल्हापूर स्टेशनापर्यंत गळत होते. फलाटावर जुबेदा उभी होती, हिरवा सलवार-कमीज, पायात कॅनव्हासचे बूट. पुढे येऊन ती आत्याबाईंच्या पाया पडली आणि मोठ्याने म्हणाली, “मी कवाधरनं उभा ऱ्हायलोय! गाडी लेट हाय व्हय?”

आत्याबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. “ही स्वतःबद्दल पुरुषासारखं का बोलते?” त्यांनी मला हळूच विचारलं. मी सांगितलं की इकडे बायका ‘मी आलो, मी जातो’ असंच बोलतात. आत्याबाईंना ते फार आवडलं. पुढचे तीन दिवस त्या संधी मिळेल तिथे “मी जेवलो, मी निजतो” म्हणून घेत होत्या.

जुबेदाचं घर बावड्याच्या वेशीजवळ होतं. पुढे तिचा नवरा सलीम याचं सायकलचं दुकान, मागे तीन खोल्या आणि परसात दोन शेळ्या. तिच्या सासूबाईंना सगळी गल्ली चाची म्हणे. उंच, हाडापेराने मोठी बाई आणि आवाज असा, की दुकानातली गिऱ्हाइकंही दचकत. “या पावणं, या!” त्या आत्याबाईंना म्हणाल्या. “तुमची पन पळती न्हवं? बसा. आपल्या दोघींचं नशीब एकच हाय.”

एका वाक्यात दोघींची गट्टी जमली. मग दिवसभर चुलीपाशी बसून त्यांनी पळणाऱ्या सुनांची उणीदुणी काढली. दुपारी जेवायला तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, सुकं मटण आणि वाफाळता भात होता. आत्याबाई शेतकऱ्याच्या घरच्या, तिखटाला भिणाऱ्या नव्हेत. तरी तांबड्या रश्श्याच्या दुसऱ्या वाटीला त्यांनी कपाळाचा घाम पुसला आणि पांढऱ्याकडे वळल्या. मी आजारानंतर तेल-तिखट सोडलं होतं, म्हणून चाचींनी मला वेगळा पांढरा रस्सा केला होता, खोबऱ्याचा आणि खसखशीचा. मी तीन वाट्या प्यायले.

संध्याकाळी सलीमने मला मार्ग दाखवायला नेलं. तो एका सायकलवर, मी दुसरीवर. मैदानातून निघून साखर कारखान्याच्या रस्त्याने नदीकडे जायचं, तिथून शेतांमधल्या गाडीवाटेने वळसा घालून परत. वाटेत एक चढ होता. सायकलवरूनसुद्धा तो चढताना माझा श्वास छातीत अडकला. परतल्यावर मी जुबेदाला सांगून टाकलं, “मी नाही धावत. मी कडेला उभी राहून टाळ्या वाजवीन.”

“बरं,” ती म्हणाली आणि शेळ्यांना पाला टाकायला गेली. तिने इतकं चटकन मानलं याचंच मला वाईट वाटलं.

खरी गोष्ट चाचींकडून कळली. तालमीच्या लोकांनी अट घातली होती: निदान पाच बायका हव्यात, नाहीतर बायकांची शर्यत रद्द. गडहिंग्लजहून कॉलेजातल्या दोन मुली येणार होत्या, जयसिंगपूरहून एक नर्स, चौथी जुबेदा आणि पाचवी मी. चाची भाकरी थापता थापता हे सांगून मोकळ्या झाल्या. मी तशीच परसात गेले.

“हे मला का सांगितलं नाहीस?”

जुबेदा शेळीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. “सांगितलो असतो, तर तू माझ्यासाठनं पळाली असतीस. मला तसं नको हाय. पाय तुझा, जीव तुझा. आमच्या शाळंची शिपाईबाई हाय, ती तयार झालीया. चार पावलं चालली तरी झाली पाचवी. तू काळजी करू नगंस.”

मला रागही आला आणि सुटल्यासारखंही झालं. आता माझ्यावर कुणाचं ओझं नव्हतं. सबबही नव्हती.

दुसऱ्या दिवशी आत्याबाईंना घेऊन अंबाबाईच्या देवळात गेले. काळ्या दगडाच्या खांबांतून रांग हळूहळू सरकत होती. आत्याबाईंनी देवीपुढे बराच वेळ डोळे मिटले. तिथून रंकाळ्यावर फिरलो, भाजलेल्या शेंगा खाल्ल्या, आणि दिवस कलताना गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर गेलो. रस्त्याकडेला म्हशी ओळीने उभ्या होत्या आणि गवळी गिऱ्हाइकाच्या समोर थेट पेल्यात धार काढत होते. दूध अजून कोमट होतं, वर बोटभर फेस. आत्याबाईंनी पेला दोन्ही हातांनी तोंडाला लावला.

“काल रात्री तू तीनदा उठून पाय चोळत होतीस,” त्या म्हणाल्या.

“दुखत नव्हता. बघत होते.”

“मग काय ठरलं?”

“नाही धावत. तुम्हीच तर म्हणत होता, कावीळ झालेल्या बाईने कसलं धावायचं.”

“मी म्हणते ते राहू दे. तुला धावावंसं वाटतंय का?”

मी पेल्यातल्या फेसाकडे बघत राहिले. कुणीतरी विचारावं म्हणून मी जणू संगमनेरपासून वाट बघत होते. “वाटतंय,” मी म्हणाले. “फार वाटतंय. पण मी शेवटी येईन, आत्याबाई. सगळ्यांच्या मागे, खूप मागे.”

“मग शेवटी ये,” आत्याबाई म्हणाल्या. त्यांच्या वरच्या ओठावर दुधाची पांढरी मिशी उमटली होती. “शेवटी कुणीतरी येणारच की.”

एवढंच. त्यांनी पेला परत केला आणि म्हशीच्या शिंगांची चौकशी करू लागल्या. मी घरी येईपर्यंत माझं ठरलं होतं: घोटा दुखला तर थांबायचं, लाज वाटली तर थांबायचं नाही. सलीम सायकल घेऊन मागे राहणार होता. हे ऐकून जुबेदाने मला उचलून गरकन फिरवलं, आणि शेळ्या ओरडायला लागल्या.

शर्यतीच्या सकाळी मैदानात हलगी वाजत होती. आधी पुरुष सुटले. मग आम्ही पाच जणी चुन्याच्या रेघेवर उभ्या राहिलो; शिपाईबाई सुटकेच्या आनंदात बघ्यांमध्ये जाऊन बसली होती. गडहिंग्लजच्या मुली अनवाणी होत्या, नर्सबाईंनी साडीचा काचा मारला होता. गर्दी इतकी, की लोक झाडांवर चढले होते. शिट्टी वाजली. मैदानाचा कोपरा वळेपर्यंत चौघी माझ्यापुढे होत्या. कारखान्याच्या रस्त्याला लागेपर्यंत त्या दिसेनाशा झाल्या.

तिथे उसाच्या बैलगाड्यांची रांग लागली होती, अर्धा मैल तरी असेल. गाड्यांवर बसलेले गाडीवान आधीच चौघींना ओरडून गरम झाले होते.

“पळा की ओ बाई! पुढच्या लई लांब गेल्या!”

“वैनी, गाडीत बसा, सोडतो!”

“तुझी गाडी वैनींच्या मागनं ईल,” दुसरा त्याला म्हणाला, आणि सगळी रांग हसली. मीही हसले, आणि हसता हसता माझा श्वास जागेवर आला. इतके दिवस ज्या हसण्याला मी भीत होते, ते हे असं होतं. त्यातल्या एकाने टाकलेला उसाचा करवा (लहान तुकडा) मी झेलला, तेव्हा तर त्यांनी शिट्ट्या वाजवल्या.

नदीजवळ डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक म्हातारी समोरून आली. मला बघून ती थांबली. “कुनी पाठीमागं लागलंय काय गं?”

“नाही आजी, शर्यत आहे.”

तिने भाऱ्यासकट मागे-पुढे पाहिलं. “मग बाकीची मानसं कुठं हायती?”

सलीम सायकलवर इतका हसला, की त्याचा तोल गेला.

चढ मी चालत चढले. त्याची मला आधी जी धास्ती होती, ती चढावर आल्यावर उरलीच नाही. चालायचंच आहे हे मान्य केल्यावर चढ हा नुसता चढ राहिला. पलीकडच्या गाडीवाटेवर पाटाचं पाणी फुटून चिखल झाला होता. माझा डावा बूट त्यात रुतला आणि मी मोज्यानिशी दोन पावलं पुढे गेले. सलीमने बूट ओढून काढला, पाटात धुतला आणि बळजबरीने माझा घोटा दाबून पाहिला. “दुखतंय?”

“नाही.”

“मग व्हा पुढं.”

ओला बूट पचपचत होता. तेवढ्यात वाऱ्यावर गुळाचा वास आला. वाटेच्या कडेला गुऱ्हाळ होतं. काहिलीतून नुकताच गूळ ओतला होता आणि माणसं तो फावड्याने ओढत होती. त्यांनी मला हाक मारली. पुढे जाणाऱ्या कुणाला ते जमलं नसतं, पण मी थांबले. एका बाईने उसाच्या कांड्यावर गरम गूळ गुंडाळून दिला. तो जिभेला चटका देत होता, दाताला चिकटत होता, आणि कावीळ झाल्यापासून इतकं चवदार मी काही खाल्लं नव्हतं.

“वैनी, शर्यत चालू हाय!” सलीम वैतागून म्हणाला.

“असू दे,” मी म्हणाले आणि त्यालाही अर्धा दिला.

शेवटचे दोन किलोमीटर खरे कठीण गेले, ते लपवत नाही. मांड्या दगडासारख्या झाल्या होत्या. मी विजेच्या एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत धावत होते आणि पुढच्यापर्यंत चालत होते. मैदानाजवळ आले तर हलगी थांबली होती. ध्वनिक्षेपकावरून भाषण ऐकू येत होतं, म्हणजे बक्षिसं सुरू झाली होती. शेवटच्या रेघेवरची फीत केव्हाच गेली असणार, असं मनाशी म्हणत मी कोपरा वळले.

फीत गेलीच होती. तिच्या जागी मंडपाची सुतळी होती. तिचं एक टोक चाचींच्या हातात होतं आणि दुसरं आत्याबाईंच्या. दोघी रेघेच्या दोन्ही बाजूंना पाय रोवून उभ्या होत्या, आणि तालमीचा एक कार्यकर्ता काकुळतीला येऊन म्हणत होता, “मावशी, मंडप पडंल की ओ!”

“पडू दे,” चाची गरजल्या. “आमची एक यायचीया अजून!”

मग आत्याबाईंनी मला पाहिलं. चार माणसांत कधी मान वर करून न बोलणारी ती बाई सुतळीचं टोक हलवत मोठ्याने ओरडली, “कुसुम! ये! मी हितं उभा हाय!”

मला धावायचं की रडायचं की हसायचं, कळेना. मी तिन्ही केलं. सुतळी छातीला लागली, तुटली मात्र नाही. ती घेऊन मी चार पावलं पुढे गेले आणि दोन्ही सासवा माझ्यामागे ओढल्या गेल्या. भाषण थांबलं, हलगी पुन्हा सुरू झाली. जुबेदा मंचावरून उडी मारून आली. गडहिंग्लजच्या धाकट्या मुलीने तिला हरवलं होतं. “वाऱ्यागत गेली बघ पोरगी! मी नुसता बघत ऱ्हायलो!” ती पुन्हा पुन्हा सांगत होती, आणि तिचा चेहरा पहिली आल्यासारखा फुलला होता.

परतीच्या गाडीत सगळं अंग दुखत होतं, घोटा सोडून. समोरच्या बाकावर मिरजेचे एक गृहस्थ होते. कोल्हापूरला काय काम होतं, असं त्यांनी विचारलं.

“सुनेची शर्यत होती,” आत्याबाई म्हणाल्या.

“अरे वा! कितवा नंबर?”

“पाचवा.”

आजूबाजूच्या दोघा-चौघांनी कौतुकाने माझ्याकडे पाहिलं. “किती जणी होत्या?” गृहस्थांनी विचारलं.

आत्याबाईंनी क्षणभर खिडकीबाहेर पाहिलं. “पाच,” त्या म्हणाल्या. मग आत्याबाईंनाच हसू फुटलं आणि सगळा डबा हसायला लागला. त्या डोळे पुसत म्हणाल्या, “पण अख्खी पळाली हो.”

पुढे मी आणखी बऱ्याच शर्यती धावले, नीट सराव करून. एक-दोनदा दुसरी-तिसरीही आले. त्या शर्यतींचे रस्ते मला आठवत नाहीत, कारण मी पुढे जाणाऱ्या पाठीकडे बघत होते. कोल्हापूरचा तो रस्ता मात्र आजही डोळे मिटून सांगू शकते: गाड्या कुठे होत्या, चिखल कुठे, गुऱ्हाळाचा धूर कुठल्या अंगाला झुकला होता. सगळ्यात शेवटी धावणाऱ्याला प्रवास घडतो, हे मला त्या दिवशी कळलं.