जीपमधला आवाज

मानोऱ्यात आमच्या शेजारी हवाईदलातून निवृत्त झालेले एक काका राहतात. जुन्या मालवाहू हेलिकॉप्टरमधून जखमी जवानांना आणण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. त्या आवाजानं कान गेले, म्हणून ते साधा चहाही ओरडून मागतात. मला कधीकधी त्याचा त्रास व्हायचा.

बाबांना झटका आला, तेव्हा जीपमध्ये मागं बाबांजवळ तेच बसले. वाशिम येईपर्यंत बाबांचा हात धरून कानाशी ओरडत राहिले, "भाऊ, आलंच वाशिम! घाबरू नका!" पुढं बसलेली आई ऐकत होती.

डॉक्टर म्हणाले, "जाऊन बराच वेळ झाला."

मी काकांकडे पाहिलं.

"वाटेत मंगरूळपीरलेच गेले ते," काका म्हणाले. "हेलिकॉप्टरात बी आमी मेलेल्याशी बोलतच राहत होतो. बाजूचे जखमी ऐकत राहत. आज तुही माय ऐकून राह्यली होती."