आईबद्दलचा ठराव

खोक्यांच्या कारखान्यात त्याला सगळे चिटणीस म्हणत, कारण कामगार संघटनेचा तो चिटणीस होता. कारखान्यातलं पद कारखान्यात ठेवून घरी यावं, एवढी साधी गोष्ट मात्र या माणसाला कधी जमली नाही. पुठ्ठ्याची धूळ दारात झटकायचा आणि शब्द तेवढे आत घेऊन यायचा. दूध कमी पडलं की ‘तूट’, मुलाचं उनाडणं बंद केलं की ‘निर्बंध’, बायको दोन दिवस बोलली नाही की ‘असहकार’. बायको म्हणायची, मी लग्न माणसाशी केलं होतं, संघटनेशी नाही.

या शब्दांचं कौतुक एकट्या आईला. भांडी पुसता पुसता ती विचारायची, “अनुदान म्हणजे काय रे?”

“मी लहान असताना तू तुझ्या ताटातलं माझ्या ताटात सारायचीस ना, ते अनुदान.”

आई हसायची. शब्द कळो न कळो, लेक समोर बसून बोलतोय यातच तिला सगळं मिळायचं.

घरातला प्रत्येक मोठा निर्णय रविवारी संध्याकाळी हात वर करून घ्यायचा, हा नियमही त्याचाच. पंखा कुठल्या खोलीत लावायचा इथपासून मुलीने पुढे काय शिकायचं इथपर्यंत सगळं असंच ठरलेलं. अध्यक्ष अर्थात तोच. आणि दोन्ही बाजूंची मतं सारखी पडली, तरच अध्यक्षाने आपलं मत द्यायचं.

आता प्रश्न आईचाच आला होता. खोल्या दोन. मुलीची परीक्षा तोंडावर, आईचा खोकला रात्रभर, आणि स्वयंपाकघरातल्या फरशीवर झोपून बायकोची पाठ धरलेली. तिचं काही चुकत होतं असंही नाही. धाकट्या भावाकडे जागा होती, पण तो परगावी, चौथ्या मजल्यावर. भाऊ-भावजय दिवसभर कामावर. आईला तिथे जायचं नव्हतं. ती बोलली नव्हती, पण घरात सगळ्यांना ते ठाऊक होतं.

आठवडाभर चिटणीसाच्या पायाला भिंगरी लागली. यंत्रात पुठ्ठा तिरका जाऊ लागला, मुकादमाने दोनदा हटकलं. घरी जेवता जेवता उठायचा, खिडकी उघडायचा, लावायचा, परत उघडायचा. बायकोला नाही म्हणायची छाती नाही आणि आईला जा म्हणायला जीभ रेटत नाही. शेवटी तोडगा सुचला: ठराव मांडायचा. बायको आणि मुलगा एका बाजूला, आई आणि आजीची लाडकी नात दुसऱ्या बाजूला. बरोबरी झाली की अध्यक्षाचं मत आईच्या पारड्यात. नियमानेच झालं म्हटल्यावर बायको तरी काय बोलणार? साप मरणार आणि काठीही मोडणार नाही. भित्र्या माणसाला नियमाचा फार आधार असतो.

रविवार आला. त्याने ठराव मांडला.

“आईने काही दिवस धाकट्याकडे राहावं. बाजूने असतील त्यांनी हात वर करा.”

पहिला हात वर गेला तो आईचा. बायको तिच्याकडे बघतच राहिली. मग खाली मान घालून तिनेही हात वर केला, पाठोपाठ मुलाने. मुलगी रडत उठून आत गेली. अजूनही ‘आई कुठे जाणार नाही’ म्हणायला त्याला कोणी अडवलं नव्हतं. त्याने तोंड उघडलं आणि सवयीने शब्द निघाला, “मंजूर.”

आईने हात खाली घेतला.

“आणि तुझं मत?”

“अध्यक्ष तटस्थ असतो, आई.”

“तटस्थ म्हणजे काय रे?”

तिने नेहमीसारखंच विचारलं होतं, डोळ्यांत तेच कौतुक. चिटणीसाने खिडकी उघडली, लावली. उदाहरण शोधायला त्याला लांब जायची गरज नव्हती, पण ते काही ओठांवर येईना.

“राहू दे, कळलं,” ती म्हणाली आणि पलंगाखालची पिशवी ओढून कपड्यांच्या घड्या घालू लागली.