आपोआप बसणारी गाडी

माझे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, लोकांचे दात करतात. डॉक्टर नाहीत. डॉक्टर माप घेतात आणि भाऊजी घरामागच्या खोलीत बसून कवळ्या बनवतात. त्या खोलीत जिकडे तिकडे प्लॅस्टरची भुकटी, मेणाच्या लालसर पट्ट्या, आणि फळीवर ओळीनं मांडलेले अनोळखी माणसांचे जबडे. हाताला कसब आहे, हे मी कबूल करते. त्यापलीकडे त्यांच्याबद्दल चांगलं बोलायची माझी तयारी नाही. ज्याला ऐकायचं असेल त्यानं त्यांनाच विचारावं. स्वतःबद्दल ते फार चांगलं बोलतात.

त्यांच्या धंद्यात एक शब्द लाखमोलाचा. कवळी दवाखान्यात पोचली की दुसऱ्या दिवशी भाऊजी फोन करतात, "डॉक्टर, बसली का?" पलीकडून "बसली" असं आलं की विषय संपला. हिरडीवर घट्ट राहिली, टोचत नाही, रोगी खूश, असा त्याचा अर्थ. तीस वर्षं ह्या एका शब्दावर घर चाललं. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण ह्यांचं दुसऱ्यांच्या दातांवर छान भरत होतं.

ताई शाळेत ग्रंथपाल. ग्रंथालय तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. पन्नाशी उलटली आणि तिचे दोन्ही गुडघे गेले. हाडांचे डॉक्टर एक्स-रे उजेडात धरून म्हणाले, "हाडावर हाड घासतंय. दोन्ही गुडघे बदला, आणि वर्षाच्या आत बदला. पाय एकदा वाकडा आखडला, की मग माझ्याही हातात फारसं राहत नाही." पैसे तयार होते. ताईनं दहा वर्षं स्वतःच्या पगारातून ते बाजूला टाकले होते. नोकरीची सहा वर्षं उरली होती, ती तिला आपल्या पायांनी जिना चढून पुरी करायची होती. ह्यापलीकडे तिनं आयुष्यात काही मागितल्याचं मला आठवत नाही.

नेमकं त्याच महिन्यात दाताच्या डॉक्टरांना आपली जुनी गाडी विकायची लहर आली.

गाडी कसली, धूड होतं ते. परदेशी बनावटीची, काळी, चौकोनी, आत चामड्याच्या खुर्च्या. डोंगर चढणार, नदीतून जाणार, वाळूत रुतणार नाही. नवी होती तेव्हा तिच्या किमतीत बंगला आला असता. आता आठ वर्षांनी डॉक्टर ती एका साध्या नव्या गाडीच्या भावात द्यायला तयार होते. भाऊजींनी जन्मात कधी डांबरी रस्ता सोडला नव्हता. त्यांच्या वाटेवरचा सगळ्यात मोठा डोंगर म्हणजे शाळेसमोरचा गतिरोधक. पण माणसाला हौस असते, आणि हौसेला मोल नसतं; विशेषतः ते मोल बायकोनं साठवलेलं असलं की.

त्यांना खरी भुरळ घातली ती एका बटणानं. दवाखान्याच्या आवारात डॉक्टरांनी ते दाबून दाखवलं. गाडीनं सुस्कारा सोडला आणि चांगली वीतभर खाली आली. आत चढायला सोपं जावं म्हणून ही सोय. भाऊजी घरी आले ते डोळ्यांत पाणी घेऊनच. "अगं, ती तुझ्यासाठी खाली बसते! तुला पाय उचलायलासुद्धा नको. ऑपरेशननंतर काय बसमधून हेलपाटे घालणार आहेस? एक गुडघा ह्या वर्षी करू, दुसरा पुढच्या वर्षी." ताईच्या गुडघ्यांच्या नावावर ताईच्या गुडघ्यांचेच पैसे! असा डाव एखाद्या सराईत भामट्यालाही सुचला नसता. ह्यांना तो प्रेमापोटी सुचला, म्हणून तर ताई फसली.

मी म्हटलं, "भाऊजी, आधी एखाद्या मिस्त्रीला दाखवा. दुरुस्तीची बिलं मागा. एवढी स्वस्त का देतात, ते तरी विचारा."

"मेहुणीबाई," ते म्हणाले, "तीस वर्षं ज्यांच्या शब्दावर धंदा केला, त्यांच्याकडे कागद मागू?"

धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात. ह्यांनी विकतच्या गाईचेही मोजले नाहीत, आणि धंदा म्हणे दातांचा.

नाही म्हणायला एक चौकशी त्यांनी केली. माझ्यासमोरच फोन लावला, मला ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकला, आणि रोजच्या सवयीनं विचारलं, "डॉक्टर, नीट बसते ना?"

"बसते की!" डॉक्टर हसत म्हणाले. "बटण न दाबताही बसते."

"ऐकलंस?" भाऊजींनी माझ्याकडे विजयी नजरेनं पाहिलं. "आपोआप!"

गाडी दारात आली, आणि तीन आठवड्यांनी एका सकाळी तिची पुढची उजवी बाजू जमिनीला टेकली होती. भाऊजींनी बटण दाबलं, पुन्हा दाबलं, मग नुसतं दाबून धरलं. मिस्त्रीला बोलावलं. तो गाडीखाली शिरला आणि बाहेर येऊन हात पुसत म्हणाला, "साहेब, हिला स्प्रिंगा नाहीत. चार चाकांना हवेचे चार फुगे आहेत. एक फाटलाय. माझं ऐकाल तर चारही एकदम बदला, वय सगळ्यांचं एकच आहे."

"एकच बदल," भाऊजी म्हणाले. फुग्याची किंमत त्यांनी दोनदा विचारून घेतली. "अरे, गाडी आठ वर्षांची आहे!"

"गाडी जुनी होते साहेब, पार्ट जुना होत नाही. तो नव्या गाडीच्याच भावात येतो."

ह्या एका वाक्यात सगळं शहाणपण होतं, पण बैल गेल्यावर झोपा करायला आमचे भाऊजी नेहमीच तयार. त्यांनी डॉक्टरांना फोन केला, "डॉक्टर, गाडी बसते हो!"

"मग? मी सांगितलं होतं की. बटण न दाबताही बसते म्हणून."

भाऊजींनी फोन ठेवून दिला. त्यांच्या निम्म्या कवळ्या त्या दवाखान्यात जायच्या. आठवड्यानं नवी कवळी पाठवली आणि दुसऱ्या दिवशी अगदी नरम आवाजात विचारलं, "बसली का, डॉक्टर?"

फुगा गळत असताना हवा भरणारा पंप सारखा चालत राहिला होता, तो जळाला. पंप बदलला, तर मागचा डावा फुगा गेला. तो बदलून गाडी घरी आणताना इंजिन तापलं, कारण पाण्याची एक प्लॅस्टिकची नळी तडकली होती. नळी बोटाएवढी, पण तिच्यापर्यंत हात पोचायला अर्धं इंजिन उतरवावं लागलं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. त्यानंतर समोरच्या पट्टीवर पिवळे-लाल दिवे लागले ते विझेनात, आणि ते का लागलेत हे सांगणारं यंत्र फक्त कंपनीच्या वर्कशॉपमध्ये. तिथे नुसतं ते यंत्र जोडायचे पैसे ऐकून मिस्त्रीसुद्धा हळहळला.

ताई हसून म्हणाली, "तिचा दुसरा गुडघा झाला. माझा पहिला कधी?"

भाऊजी हसले नाहीत. "विकायची तर आधी चालती करायला हवी ना? बंद गाडीला कोण गिऱ्हाईक?" ते हे इतक्या पोटतिडकीनं सांगायचे, की ऐकणाऱ्याला वाटावं खड्ड्यातून बाहेर यायचा रस्ता आणखी खोल खणूनच निघतो. अशी दोन वर्षं गेली. ताईचा दुसरा गुडघा आधी गेला, मग पहिलाही गेला. म्हणजे पायांतले तर केव्हाच गेले होते, बँकेतलेही गेले.

शेवटी शेवटी ती शाळेचा जिना बसून चढायची. एका पायरीवर बसायचं, हातांनी रेटून मागची पायरी गाठायची, असे तीन मजले. मुलं भिंतीला चिकटून वाट द्यायची आणि कोणी हसायचं नाही, तेच तिला जास्त लागायचं. एक दिवस मुख्याध्यापिकेनं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि राजीनाम्याचा विषय काढला. नोकरीची चार वर्षं बाकी होती. ताईनं तिथेच सही केली आणि मला फोन करून सांगितलं, "सुटले बाई जिन्यातून." मी फोन ठेवला आणि घरातल्या भिंतीशी भांडले.

तिच्या फंडाचे पैसे आले, तेव्हा मात्र मी त्यांच्या घरात ठाण मांडलं. "ह्यातला एक पैसा त्या धुडाखाली गेला, तर मी ते पेटवून देईन," मी भाऊजींना म्हटलं. ते म्हणाले, "तू उगाच तोंड टाकतेस. माझ्याइतकी काळजी तिची कोणाला आहे?" आणि हाडांच्या डॉक्टरांकडे तेच आम्हाला त्याच गाडीतून घेऊन गेले. चारही बाजूंनी पार खाली बसलेल्या त्या गाडीत ताई अगदी सहज चढली. म्हणजे गाडी बिघडली, की तिच्या कामाची. खड्ड्याखड्ड्याला तळ घासत आम्ही पोचलो.

डॉक्टरांनी ताईला टेबलावर निजवलं, पाय सरळ करून पाहिले. उजवा थोडा झाला. डावा होईना. ते बराच वेळ नवे आणि जुने एक्स-रे शेजारी शेजारी धरून उभे राहिले.

"उजवा करू," ते म्हणाले. "डावाही करता येईल, पण तो आता सरळ होणार नाही. काठी कायमची. दोन वर्षांपूर्वी आला असतात तर दोन्ही पाय सरळ दिले असते मी. पैशांची तयारी आहे म्हणाला होतात. मग थांबलात का?"

खोलीत मी होते, भाऊजी होते. भाऊजींनी तोंड उघडलं आणि त्यांना शब्द सापडेना. मला सापडत होता, पण परक्यासमोर बहिणीच्या नवऱ्याची अब्रू काढायची नाही, ह्या घाणेरड्या सवयीनं मीही गप्प राहिले.

ताई टेबलावरून छताकडे बघत म्हणाली, "मीच घाबरत होते, डॉक्टर."

भाऊजींनी श्वास सोडला. मी तो ऐकला. त्या श्वासाबद्दल मी त्यांना कधीही माफ करणार नाही.

मला वाटलं होतं, हे खोटं त्या खोलीतच राहील. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, ताई घरी आली, लोक भेटायला यायला लागले. भाऊजी दारातच त्यांना सांगायचे, "अहो, कधीच झालं असतं. दोन्ही पाय झाले असते. पण ही घाबरट! मी म्हणत होतो, चल, चल. ऐकेल तर शपथ." पहिल्या दिवशी त्यांनी ते दबक्या आवाजात सांगितलं, दुसऱ्या दिवशी नेहमीच्या आवाजात, आणि आठवडाभरात हातवारे करून.

समोरची शेजारीण ताईच्या उशाशी बसून म्हणाली, "इतकं काय घाबरायचं? एवढा समजूतदार नवरा आहे तुझा."

"हो ना," ताई म्हणाली. "चुकलंच माझं."

शेजारीण गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि म्हटलं, "ताई, आता बस झालं. मी सगळ्यांना सांगणार आहे."

ताईनं माझा हात धरला. कळवळून म्हणाली, "नको गं. आणि खरं सांगू का, मी जरा घाबरतच होते तेव्हा."

पहिल्या खेपेला डॉक्टरांकडे मीच तिच्याबरोबर गेले होते. वर्षाच्या आत करा, असं ते म्हणाले, तेव्हा हिनं पर्स मांडीवर घट्ट धरून त्यांना विचारलं होतं, "उद्या करता येईल का?"