पक्ष्यांचे पाय

पक्षी फांदीवर बसलाय की नुसता चिकटवलाय, हे त्याच्या पायांवर ठरतं. पंख, चोच, पिसांच्या बारीक रेघा हे सगळं मेहनतीने येतं. पण नखांनी सालीला घातलेली पकड साधली नाही, तर बाकीचं सगळं पाण्यात. म्हणून आमच्या सरांचा नियम होता, चित्र विद्यार्थ्यांनी करावं आणि पाय सरांनी काढावेत. पाय सरांचे म्हणून चित्र सरांचं, आणि सहीही त्यांचीच. राजस्थानात ते ज्यांच्याकडे शिकले, तिथेही हीच रीत होती म्हणे.

लघुचित्रांचा हा क्लास सदाशिव पेठेत, एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. मी वारज्याहून स्कूटरवर यायची. कागद घोटून गुळगुळीत करण्यापासून खारीच्या केसांचा कुंचला बांधण्यापर्यंत सगळं मी तिथे शिकले आणि बारा वर्षं पक्षी काढले. बहाव्यावरचा हळद्या, पांगाऱ्यावरचा शिंजीर, काटेसावरीवरचा बुलबुल. घरी कौतुक व्हायचं, पण दाखवायला माझ्या नावाचं एकही चित्र नव्हतं. मला मोठं व्हायचं नव्हतं. एका तरी पक्ष्याखाली माझं नाव हवं होतं, एवढंच.

एकदा धीर करून मी सरांना तसं बोलले. त्यांनी चष्मा पुसला.

"तुम्ही पक्षी सुंदर काढता," ते म्हणाले. "तो उडून जाऊ नये, म्हणून पाय तेवढे मी काढतो."

सगळा क्लास हसला. मीही हसले. पुण्यात अपमान झाला की आधी हसायचं असतं, राग घरी गेल्यावर.

मग गावाबाहेर कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या राहू लागल्या. एके काळी नोकरीसाठी वणवण केलेल्यांची मुलं तिथे गळ्यात पट्टा अडकवून जाऊ लागली, आणि त्या गुळगुळीत भिंतींना एकदम परंपरा हवीशी झाली. अशाच एका सॉफ्टवेअर कंपनीने सरांना पुण्यातल्या पक्ष्याफुलांची चित्रं सांगितली, थेट दर्शनी भिंतीसाठी. आणि नेमका त्याच वर्षी सरांचा उजवा हात थरथरायला लागला.

त्यांनी हे कोणाला कळू दिलं नाही. इतरांना लवकर घरी पाठवलं, दार लोटलं आणि आपला कुंचला माझ्यापुढे ठेवला. पाय तुम्हीच काढा, म्हणाले. मग कित्येक दुपारी ते माझ्या शेजारी बसून होते. नख सालीत कुठे शिरतं, मागचं बोट किती दाबायचं, सगळं हातचं न राखता सांगितलं. खोटं कशाला बोलू, तितकी सुखी मी त्या क्लासात कधीच नव्हते. पाय माझे, म्हणजे त्यांच्याच नियमाने चित्र माझं, असा माझा सरळ हिशेब. शेवटच्या दिवशी त्यांनी एकेक चित्र पुढे ओढलं आणि कोपऱ्यात सही केली. हात कापत असला तरी सही करता येते, हे मला तेव्हा कळलं.

उद्घाटनाला मी तिसऱ्या रांगेत होते. पक्ष्यांच्या पायांबद्दल कोणीतरी कौतुकाने विचारलं, तेव्हा सर माइकवर म्हणाले, "पाय मी आजही कोणाला काढू देत नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. दुसऱ्या दिवसापासून क्लासला गेले नाही, आणि त्यांनीही का येत नाही म्हणून विचारलं नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं, आणि वाईट वाटतं याचा राग येतो.

सर गेले. काही वर्षांनी त्यांच्या मुलाने अमेरिकेहून येऊन त्यांच्या चित्रांचं पुस्तक काढायला घेतलं. मी भेटायला गेले आणि स्पष्ट सांगितलं, कंपनीतले सगळे पक्षी माझे आहेत, पायांसकट.

त्याने शांतपणे ऐकून घेतलं. "अहो, असं म्हणणाऱ्यांत आपण पाचव्या," तो म्हणाला.

मी कुंचला मागितला. सरांचं सामान तिथेच पडलं होतं. त्याच्यासमोर बसून मी एक फांदी ओढली आणि तिच्यावर बुलबुलाचे पाय काढले, फक्त पाय. हात जराही हलला नाही. त्याने भिंग घेतलं, लॅपटॉपवर कंपनीतली चित्रं उघडली आणि बराच वेळ हे पाय नि ते पाय ताडून पाहिले. त्याने मान वर केली तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते.

"हुबेहूब बाबांचा हात," तो म्हणाला. "किती मनापासून शिकवलंय त्यांनी तुम्हाला."

मी काही बोलायच्या आत त्याने आतून एक फाइल आणली. तिच्यात सरांकडे राहून गेलेले चार पक्षी होते, पाय नसलेले. त्यातले दोन मी लांबूनच ओळखले, माझेच होते.

"एवढ्यांचे पाय काढून द्याल का?" त्याने विचारलं. "सहीची काळजी करू नका, ती मी स्कॅन करून बसवतो."