हसरा चेहरा

माझी धाकटी जाऊ नवी ॲप तपासण्याचं काम करते. ती ॲप वापरते आणि समोरचं मशीन तिच्या चेहऱ्यावरून ठरवतं, की ती खूश आहे की वैतागलीय. कपाळाला आठी पडली की सगळं पुन्हा करावं लागतं. म्हणून फोन हातात घेतला की हसायचं, ही सवयच तिने लावून घेतली.

“त्या मशीनला काय कळतंय, ताई, कप्पाळ!” ती म्हणायची.

रुग्णवाहिकेचं ॲपही तिने असंच हसत पास केलं. चेहरा पाहून ते घाई ओळखतं. आता गाडी त्यातूनच मिळते.

काल दुपारी सासूबाई जिन्यातच छाती धरून खाली बसल्या. मी शेजारी बसून त्यांना खांद्याशी टेकवून धरलं. जावेने ॲप उघडलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ओठ हसत होते.

“अगं, हसतेस काय?” मी ओरडले.

“ताई, मला थांबवताच येत नाहीये!”

पडद्यावर अक्षरं उमटली: ‘तुम्ही निश्चिंत दिसता. आधी तातडीच्या रुग्णांकडे गाडी जाईल.’

मी फोन हिसकावून माझ्या चेहऱ्यासमोर धरला. ‘नोंद झाली आहे. थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा.’

माझ्या खांद्यावरचं सासूबाईंचं डोकं जड होत चाललं होतं.