मापात बसणारी पँट

माझा धाकटा भाऊ शिंपी आहे आणि स्वतःला फार शहाणा समजतो. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की टेप न लावता कंबरेचा आकडा सांगतो. स्वतःची कंबर मात्र या दीडशहाण्याला आठ महिने कळली नाही.

दिवसातून दहादा शौचाला पळायचा. रक्त पडायचं. अर्ध्या कापडात कात्री टाकून हा दुकानामागच्या संडासात, आणि गिऱ्हाईक हात पसरून तसंच उभं. मी विचारलं की म्हणायचा, "काही नाही गं ताई, बाहेरचं खाल्लं." बाहेरचं! या चिकटानं जन्मात कधी स्वतःच्या पैशानं बाहेर चहासुद्धा घेतलेला नाही.

नाक्यावरचा डॉक्टर त्याच्याही वरचा. खुर्चीतून उठणं त्याला कमीपणाचं वाटायचं. वजनकाट्यावर जुन्या मासिकांचा ढीग.

"वजन उतरलंय का?"

"छे, छे! कपडे अगदी मापात बसतात."

साक्षात शिंप्यानं सांगितल्यावर काटा कशाला हवा? मूळव्याधीचं मलम लिहून दिलं, आणि पुढचे सहा महिने तेच मलम. तपासणी शून्य.

मग एका सकाळी भाऊ मशीनवरच कोसळला. लगेच शुद्धीवर आला, पण पँट भरली होती. ती धुवायला मी उलटी केली आणि हादरले. मागच्या शिवणीशेजारी जुन्या टाक्यांच्या भोकांच्या चार रांगा होत्या. पँट सैल झाली की हा शिवण आत घ्यायचा आणि मापात बसली म्हणून निर्धास्त व्हायचा.

ती ओली पँट पिशवीत घातली आणि त्याला मोठ्या दवाखान्यात नेलं, पोटाच्या डॉक्टरीणबाईंकडे. तिथंही याचं सुरू, "वजनाचं म्हणाल तर, डॉक्टर..."

"तोंड मिट," म्हटलं आणि पँट टेबलावर उलटी करून ठेवली. बाईंनी रांगा मोजल्या आणि त्याला काट्यावर उभं केलं. काटा अठ्ठेचाळीसवर थांबला. हा गृहस्थ म्हणतो, काटा बिघडलाय!

दुर्बिणीनं आतडं बघितलं, आतला तुकडा तपासला. मूळव्याध नव्हतीच. मोठ्या आतड्याला सूज, आत जखमा. "हा आजार जात नाही," बाई म्हणाल्या, "औषधानं आटोक्यात ठेवायचा. आणखी थांबला असतात तर जीवावर बेतलं असतं."

आता मशीन मागच्या दाराशी, संडासाजवळ हललंय. गोळ्या रोज. मधूनच पोट पुन्हा उसळतं, मग चार दिवस दुकान बंद. पण दोन महिने बरे गेले की याला शिंगं फुटतात. परवा म्हणाला, "आता कशाला हव्यात गोळ्या?"

माझं डोकंच फिरलं. गिऱ्हाइकांसमोर त्याच्या कंबरेला टेप लावून मी बरसले, "पाच इंच कंबर गेली तेव्हा डोळे फुटले होते का तुझे? आत घेताना हाताला कळलं नाही?"

तो चिडला नाही. गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायला आणि हळूच म्हणाला, "ताई, आपल्या दुकानात कंबरपट्टीची तुरपाई कोण करतं?"

मी करते. वीस वर्षं मीच करते. शिवण आत घेतली की पट्टी आतून हातानं तुरपावी लागते. चारही वेळा ती पँट माझ्या मांडीवर आली होती, आणि ती कुणाची आहे हे मी बघितलंसुद्धा नव्हतं.